ठाणे-नवी मुंबईच्या फ्लॅटमध्ये घरच्या घरी दुरुस्ती: प्रथमच हत्यार हाती घेणाऱ्यांसाठी

ठाण्यात किंवा नवी मुंबईत नव्याने राहायला आलेल्या कुटुंबासमोर पहिल्या वर्षभरात बहुधा तीच कामे उभी राहतात. नळ ठिबकू लागतो, फ्लशची टाकी रात्रभर झिरपत राहते, भिंतीत ठोकलेला खिळा हाताने उपटून येतो, श्रावणात दार चौकटीत अडकते आणि बेडरूमच्या भिंतीवर ओल उमटते. यांतील निम्म्याहून अधिक कामे सामान्य माणसाला स्वतः करता येतात. माझा आतापर्यंतचा अनुभव असा की, घरातली दुरुस्ती फसते ती हात सफाईदार नसतो म्हणून क्वचितच. बहुतेक वेळा ती फसते कारण भिंत कशाची आहे, पाणी कुठून येते आणि तार कुठून जाते, हे न पाहताच काम सुरू केलेले असते. म्हणून खालील प्रत्येक टप्प्यात दुरुस्तीइतकीच जागा तपासणीला दिली आहे.

१. ही दुरुस्ती तुमची आहे का, ते आधी ठरवा

सहकार खात्याच्या आदर्श उपविधींनुसार गच्चीतून किंवा बाहेरच्या भिंतीतून येणारी पावसाची गळती, तसेच बाहेरील सामायिक पाइप आणि सांडपाण्याच्या लाइनची गळती दुरुस्त करणे ही सोसायटीची जबाबदारी असते. बाथरूम, संडास, सिंक यांमुळे होणारी घराच्या आतली गळती ज्याची त्याने दुरुस्त करायची असते. हा फरक माहीत नसल्यामुळे कित्येक लोक गच्चीतून पाझरणाऱ्या पाण्यासाठी स्वतःच्या छताला दरवर्षी नवा रंग देत बसतात.

इमारत नवी असेल, तर आणखी एक कायदेशीर आधार तुमच्याकडे आहे. २०१६ च्या रेरा (स्थावर मालमत्ता नियमन) कायद्याच्या कलम १४ नुसार, ताब्याच्या तारखेपासून ५ वर्षांच्या आत बांधकामातील रचनात्मक दोष किंवा कामाच्या दर्जातील दोष बिल्डरच्या लक्षात आणून दिला, तर त्याने तो ३० दिवसांत विनामूल्य दूर करणे बंधनकारक आहे. घोडबंदर रोड, खारघर किंवा उलवे येथील नव्या टॉवरमध्ये राहणाऱ्यांनी भिंतीची भेग किंवा बाथरूमची गळती दिसताच आधी तारखेसह छायाचित्रे काढून बिल्डरला लेखी कळवावे. एकदा तुम्ही स्वतः तोडफोड केलीत की, दोष मुळात कोणाचा होता हे सिद्ध करणे कठीण होते.

यासाठी काही कागद एका फाइलमध्ये हाताशी ठेवावेत: ताबापत्राची प्रत, बिल्डरने दिलेले प्लंबिंग आणि वायरिंगचे नकाशे, सोसायटीचे उपविधी, आणि भाड्याने राहत असाल तर भाडेकरार. भाडेकरूने भिंतीला भोक पाडण्यापूर्वीसुद्धा घरमालकाची लेखी संमती घ्यावी. व्हॉट्सॲपवरचा होकार जपून ठेवला तरी पुढे अनामत रकमेचा वाद टळतो. टाइल काढणे, ओटा हलवणे यांसारख्या कामांसाठी सोसायटीला अर्ज द्यावा लागतो, आणि बहुतेक ठिकाणी कामाच्या वेळा, अनामत आणि डेब्रिज उचलण्याची व्यवस्था यांचे नियम ठरलेले असतात. दुपारच्या विश्रांतीच्या वेळी ड्रिल चालवू नये, हे नियमात नसले तरी पाळावे.

२. हत्यारे थोडीच घ्या, पण बरी घ्या

सुरुवातीला मोठा संच विकत घेण्याची गरज नाही. पुढील वस्तूंवर बहुतेक कामे निभावतात:

– सपाट आणि चौफुली स्क्रू ड्रायव्हर, इन्सुलेटेड पक्कड, टेस्टर
– ॲडजस्टेबल पाना, हातोडी, लेव्हल बॉटल, मेजरिंग टेप
– हॅमर मोड (फिरताना ठोकेही देण्याची सोय) असलेले ड्रिल मशीन आणि ६, ८ व १० मिमीची कार्बाइड टोकाची बिट
– टेफलॉन टेप, एमसील (फट बुजवण्याचा दोन भागांचा लगदा), सिलिकॉन सीलंट व त्याची गन, पुट्टीची पट्टी, सँडपेपर
– चष्मा, मास्क आणि अजिबात न डगमगणारी शिडी

स्क्रू शक्यतो स्टेनलेस स्टीलचे घ्यावेत. खाडीलगतच्या दमट हवेत साधा लोखंडी स्क्रू लवकर गंजतो, आणि गंजलेला स्क्रू काढताना भिंतीचा तुकडाही निघून येतो.

३. पाणी आणि वीज कुठे बंद होते, ते पाहून ठेवा

हे काम घरात आल्यावर पहिल्या आठवड्यातच करावे. प्रत्येक बाथरूमचा आणि किचनचा मुख्य व्हॉल्व्ह बहुधा माळ्यावर, डक्टमध्ये किंवा गीझरजवळ असतो. तो फिरवून पाहावा, कारण वर्षानुवर्षे न फिरवलेला व्हॉल्व्ह नेमका गरजेच्या वेळी जाम झालेला आढळतो. घरात येणाऱ्या मुख्य लाइनचा व्हॉल्व्ह गच्चीवर किंवा डक्टमध्ये असल्यास वॉचमनकडून तो कोणता हे समजून घ्यावे, आणि त्यावर फ्लॅट क्रमांकाची पट्टी लावावी.

विजेच्या बोर्डवरील प्रत्येक एमसीबी (जादा प्रवाह झाल्यास आपोआप बंद होणारा स्विच) एकेक करून बंद करावा आणि कोणती खोली बंद होते ते त्याच्याखाली लिहावे. घरात इन्व्हर्टर असेल, तर एमसीबी बंद केल्यावरही काही पॉइंटमध्ये वीज राहते. ते पॉइंट वेगळे ओळखून ठेवावेत.

४. ठिबकणारा नळ

प्रथम नळ कोणत्या जातीचा आहे ते पाहावे. अनेक फेरे देऊन बंद होणारा जुना नळ असेल, तर आतला रबरी वायसर झिजलेला असतो. पाव फेऱ्यात बंद होणारा नळ असेल, तर आत सिरॅमिकच्या चकत्यांचे स्पिंडल असते.

पाणी बंद करून नळ उघडा ठेवावा, म्हणजे पाइपमधले उरलेले पाणी निघून जाते. खाली बेसिनच्या किंवा नहाणीच्या जाळीवर फडके टाकावे. नळाचा बारीक स्क्रू जाळीतून गेला की परत मिळत नाही. मुठीवरील छोटे झाकण नखाने किंवा बारीक स्क्रू ड्रायव्हरने उचलून स्क्रू काढावा, मूठ ओढून घ्यावी आणि क्रोमवर फडके गुंडाळून पान्याने स्पिंडल सोडवावे. वायसर असेल तर त्याच मापाचा बदलावा. सिरॅमिकचे स्पिंडल असेल, तर चकत्यांमध्ये वाळूचा कण अडकला आहे का ते पाहावे. सोसायटीची टाकी धुतल्यानंतर अचानक ठिबकू लागलेल्या नळात बहुधा हेच आढळते, आणि स्वच्छ पाण्याने धुऊन बसवले तरी काम होते. चकतीवर चरा पडला असेल, तर पूर्ण स्पिंडल बदलावे. दुकानात जाताना जुने स्पिंडल सोबत न्यावे, कारण लांबी आणि वरच्या टोकाचे दाते कंपनीगणिक वेगळे असतात आणि नुसत्या वर्णनावरून आणलेले स्पिंडल बहुधा बसत नाही.

नळ भिंतीतून जिथे बाहेर येतो तिथे पाणी झिरपत असेल, तर नळ उलटा फिरवून काढावा, आटे ब्रशने साफ करावेत आणि आट्यांकडे समोरून पाहताना घड्याळाच्या काट्याच्या दिशेने टेफलॉन टेप ताणून गुंडाळावी. उलट दिशेने गुंडाळलेली टेप नळ बसवताना सुटत जाते. नळ हाताने बसवून शेवटी पान्याने थोडाच आवळावा. जोर लावून आवळल्यास भिंतीतला एल्बो (पाइपचा वळणाचा जोड) तडकतो, आणि मग बाहेरची गळती थांबल्यासारखी दिसून पाणी भिंतीच्या आत पसरत राहते.

वाशी-नेरूळच्या जुन्या सिडको घरांत किंवा नौपाड्याच्या जुन्या इमारतींत अजूनही जीआयचे लोखंडी पाइप असतील, तर नळ सहज फिरत नसल्यास तिथेच थांबावे. गंजलेला निपल (जोडणीचा छोटा पाइप) भिंतीत तुटला की टाइल फोडण्यावाचून इलाज उरत नाही. ते काम प्लंबरलाच द्यावे.

५. फ्लशची टाकी

टाकीच्या पाण्यात खाण्याचा रंग थोडा टाकावा आणि अर्धा तास फ्लश करू नये. भांड्यात रंग उतरला, तर टाकीच्या तळाचा वायसर खराब आहे. रंग उतरला नाही, पण टाकीत पाणी भरण्याचा आवाज थांबत नाही आणि ओव्हरफ्लोच्या नळीतून पाणी जाते, तर बॉलकॉक किंवा फ्लोट (पाण्यावर तरंगून भरणे थांबवणारा भाग) याची उंची कमी करावी. भिंतीत बसवलेली टाकी असल्यास पुढची बटणांची पट्टी काढून हेच सर्व भाग हाती लागतात. त्यासाठी टाइल फोडायला कोणी सांगितल्यास दुसऱ्या कारागिराला विचारावे.

६. भिंतीत भोक पाडणे

नवख्या माणसाचे सर्वाधिक नुकसान याच कामात होते, कारण ठाणे-नवी मुंबईत भिंतींचे निदान तीन प्रकार आहेत आणि तिघींची वागणूक वेगळी आहे. सिडकोच्या आणि इतर जुन्या इमारतींत बहुधा विटांच्या भिंती असतात. गेल्या काही वर्षांतील टॉवरमध्ये सिपोरेक्स म्हणून ओळखले जाणारे हलके राखाडी-पांढरे ब्लॉक असतात. काही नव्या प्रकल्पांत मायव्हॅन पद्धतीने, म्हणजे ॲल्युमिनियमच्या साच्यात, सगळ्या भिंती काँक्रीटमध्येच ओतलेल्या असतात.

ओळखण्याची सोपी रीत अशी: फर्निचरमागे झाकल्या जाणाऱ्या जागी हॅमर मोड बंद ठेवून बारीक बिटने भोक सुरू करावे आणि खाली पांढरा कागद धरावा. सुरुवातीची पांढरी पूड पुट्टीची आणि प्लास्टरची असते. ती सोडून द्यावी. त्यानंतर लालसर भुकटी आली तर वीट. बिट सरसर आत गेले आणि पिठासारखी मऊ, फिकट पूड पडली तर सिपोरेक्स. बिट जागच्या जागी फिरत राहिले आणि जेमतेम बारीक करडी धूळ निघाली तर काँक्रीट.

विटेच्या भिंतीत हॅमर मोड वापरून स्क्रूच्या मापाची गिट्टी (स्क्रू धरून ठेवणारी प्लास्टिकची नळी) बसवावी. दोन विटांमधल्या सांध्यात भोक पडल्यास गिट्टी सैल बसते. अशा वेळी भोक थोडे सरकवावे. सिपोरेक्समध्ये हॅमर मोड मुळीच वापरू नये. नुसत्या फिरकीने भोक पाडावे, शक्य असल्यास गिट्टीच्या मापापेक्षा किंचित बारीक बिट घ्यावे आणि लांब नायलॉनची गिट्टी वापरावी. फोटो, घड्याळ, हलकी फळी एवढे वजन ती धरते. गीझर, भांड्यांचे कपाट किंवा पुढे ओढता येणारा टीव्हीचा स्टँड साध्या गिट्टीवर कधीही टांगू नये. त्यासाठी आरपार बोल्ट, केमिकल अँकर (भोकात रसायनाने चिकटवलेला बोल्ट) किंवा जवळचा काँक्रीटचा कॉलम शोधावा. काँक्रीटच्या भिंतीत घरगुती ड्रिल लवकर तापते, म्हणून रोटरी हॅमर (काँक्रीटसाठीचे जोरदार ड्रिल) भाड्याने घेणे बरे. बिट सळईला लागल्याचे जाणवले की भोक तिथेच सोडून बाजूला घ्यावे. मायव्हॅनच्या भिंतीत वायर नेण्यासाठी झिरी मारणे पूर्णपणे टाळावे, कारण ती भिंतच इमारतीचा भार वाहते.

स्विचबोर्डच्या सरळ वर, खाली आणि दोन्ही बाजूंना, तसेच नळ आणि मिक्सरच्या सरळ रेषेत भोक पाडू नये, कारण तारा आणि पाइप बहुधा त्याच रेषांत जातात. किचनमध्ये पाइप गॅसच्या लाइनजवळ ड्रिल आणूच नये. त्या लाइनचे कोणतेही काम गॅस कंपनीच्या अधिकृत माणसानेच करायचे असते. काही टॉवरच्या स्लॅबमध्ये ताणलेल्या पोलादी केबल असतात, त्यामुळे छताला भोक पाडण्यापूर्वी सोसायटीकडे किंवा बिल्डरकडे विचारणा करावी.

टाइलवर आधी चिकटपट्टी लावावी, म्हणजे बिट घसरत नाही. टाइल पूर्ण भेदली जाईपर्यंत हॅमर मोड बंद ठेवावा आणि कडेपासून लांब राहावे.

७. ओल: आधी शोध, मग रंग

या विषयावर मी जरा विस्ताराने लिहितो, कारण लोकांचा सर्वाधिक पैसा इथे वाया जातो.

ओल केव्हा वाढते, याची महिनाभर नोंद ठेवावी. ती जून ते सप्टेंबर या काळातच दिसत असेल आणि भिंत बाहेरची असेल, विशेषतः नैऋत्येकडून पावसाचा मारा बसणारी असेल, तर पाणी बाहेरून येते. बारा महिने सारखी राहत असेल, तर पाण्याच्या दाबाखालच्या लाइनचा संशय घ्यावा. रात्री बाथरूमचा मुख्य व्हॉल्व्ह बंद ठेवण्याचा क्रम काही दिवस चालवून पाहावा. ओल मागे हटू लागली तर संशय पक्का होतो. आंघोळींनंतर वाढते आणि घर काही दिवस बंद असताना कमी होते, असे दिसले तर दोष बहुधा नहाणी ट्रॅपचा (जमिनीवरचे पाणी जिथून जाते त्या जाळीखालच्या भांड्याचा) किंवा टाइलच्या जॉइंटचा असतो.

भिंत केवळ दमट हवेने घामेजते की आतून ओली आहे, याचाही उलगडा घरी होतो. जाड प्लास्टिकचा हातभर तुकडा चारही कडांनी भिंतीला घट्ट चिकटवून दोन दिवस ठेवावा. भिंतीकडच्या बाजूला पाणी जमले तर ओल आतून येते. खोलीकडच्या बाजूला जमले तर खोलीत हवा खेळत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

नहाणीची परीक्षा करण्यासाठी ट्रॅपचे तोंड फडक्याने आणि प्लास्टिकने बंद करून जमिनीवर इंचभर पाणी चोवीस तास साचवून ठेवावे, आणि खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांना आधी कल्पना देऊन त्यांच्या छतावर लक्ष ठेवायला सांगावे. नेरूळच्या एका घरात बेडरूमची भिंत ओली होत होती आणि एका कंत्राटदाराने संपूर्ण बाथरूम फोडून नवे करण्याचा सल्ला दिला होता. आम्ही ट्रॅपची जाळी उचलून पाहिली, तेव्हा कडेचे पांढरे सिमेंट बोटाने भुरभुर निघत होते आणि टाइलखाली सळसळत पाणी जाण्याइतकी फट पडली होती. ती फट साफ करून, पूर्ण वाळवून एपॉक्सीने भरली आणि टाइलचे जॉइंट नव्याने भरले, तेव्हा बाथरूम न फोडता ओल हटली. म्हणून फोडण्याचा निर्णय नेहमी शेवटी घ्यावा.

जॉइंट भरताना जुने पांढरे सिमेंट वरवर न ठेवता जॉइंट कटरने किंवा जुन्या हॅकसॉ ब्लेडने खोलवर खरवडून काढावे. बाथरूम दोन-तीन दिवस कोरडे ठेवणे हा या कामातला सर्वांत कठीण भाग आहे, परंतु ओल्या फटीत एपॉक्सी ग्राउट धरत नाही. दोन भाग पाकिटावरील प्रमाणात थोडे थोडेच कालवावेत, रबरी पट्टीने दाबून भरावेत आणि टाइलवरचा थर वाळण्याआधी पुसून घ्यावा. नंतर तो निघता निघत नाही. त्यानंतर किमान चोवीस तास पाणी लागू देऊ नये.

बाहेरून येणाऱ्या पाण्याची वाट पुष्कळदा खिडकीच्या चौकटीभोवती असते. खोलीत उभे राहून हात पोहोचेल एवढ्याच भागात जुने सीलंट कापून काढावे आणि कोरड्या पृष्ठभागावर न्यूट्रल सिलिकॉनची अखंड रेघ ओढावी. ॲल्युमिनियमच्या खालच्या पट्टीतील पाणी जाण्याची भोके मात्र बुजवू नयेत. हे काम एप्रिल-मेमध्येच करावे. छज्जावर उतरून किंवा ग्रिलबाहेर वाकून कोणतेही काम स्वतः करू नये.

रंगाचे काम सर्वांत शेवटी. पोपडे आणि क्षारांची पांढरी बुरशीसारखी पूड कोरड्या ब्रशने झाडावी, पाण्याने धुऊ नये, कारण क्षार विरघळून पुन्हा आत जातात. भिंत पूर्ण वाळल्यावरच सिमेंटयुक्त पुट्टी, प्रायमर आणि रंग द्यावा. ओल येणाऱ्या भिंतीवर पीओपी किंवा जिप्सम लावल्यास ते पाण्याने मऊ पडून पुन्हा गळते.

एक इशारा फार महत्त्वाचा आहे. छताचे काँक्रीट फुगून पडत असेल किंवा गंजलेली सळई दिसत असेल, तर तिथे प्लास्टर थापून झाकू नये. सळईचा गंज आत वाढत राहतो आणि वरचा भाग पुढे एकदम कोसळू शकतो. त्या जागेखालचा पलंग हलवावा, सोसायटीला लेखी कळवावे आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवावे.

८. पावसाळ्यात अडकणारे दार

दार फुगले की लोक रंधा शोधतात. आधी बिजागऱ्यांचे स्क्रू आवळून पाहावेत, कारण अनेकदा दार फुगलेले नसून खाली झुकलेले असते. भोके मोठी झाली असतील, तर लाकडाची बारीक काडी फेव्हिकॉलमध्ये बुडवून भोकात बसवावी, वाळू द्यावी आणि त्यात स्क्रू पुन्हा लावावा. दार खरोखरच घासत असेल, तर चौकटीला खडू लावून नेमकी घासणारी जागा शोधावी आणि तेवढीच सँडपेपरने घासावी. ऑगस्टमध्ये भरपूर लाकूड काढले, तर जानेवारीत फट दिसते. हिवाळ्यात दाराच्या वरच्या आणि खालच्या कडेला ऑइल पेंट द्यावा. बहुतेक दारांच्या या दोन कडा उघड्याच सोडलेल्या असतात आणि दमट हवा तिथूनच आत शिरते.

९. विजेच्या कामात कुठे थांबावे

बल्ब, ट्यूब आणि प्लग टॉप बदलणे, तसेच मंद झालेल्या पंख्याचा कंडेन्सर (कपॅसिटर) बदलणे एवढे घरी करता येते. पंख्यासाठी एमसीबी आणि इन्व्हर्टर दोन्ही बंद करावेत, टेस्टर आधी चालू पॉइंटवर लावून तो खरा दाखवतो याची खात्री करावी आणि मगच पंख्याजवळ तपासावे. कंडेन्सरच्या उघड्या टोकांना हात लावू नये, कारण त्यात काही काळ वीज साठून राहते. जुन्यावर छापलेला आकडाच नव्यावर हवा. छताच्या पंख्यांना बहुधा २.५ मायक्रोफॅरड लागतो.

नवा पॉइंट काढणे, एसी किंवा गीझरची लाइन टाकणे, बोर्डमधली तार वाढवणे ही कामे परवानाधारक इलेक्ट्रिशियनचीच आहेत. त्याच्याकडून काम घेताना गीझर आणि एसीसाठी ४ चौरस मिमीची स्वतंत्र तांब्याची तार आणि अर्थिंग टाकून घ्यावे. बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) नसेल, तर तो आवर्जून बसवून घ्यावा, आणि त्यावरील टेस्टचे बटण महिन्यातून एकदा दाबून पाहावे. बटण दाबल्यावर तो लगेच बंद झाला नाही, तर त्याच दिवशी इलेक्ट्रिशियनला बोलवावे आणि तोवर गीझर लावू नये.